पाच फूट पुढे

पहिला चेंडू. टप्पा नेमका तिथेच पडला आणि कोरल खुर्चीतून ताडकन उठली. शेजारचा म्हातारा मर्व्हही उठला. बाकी सगळं गाव बसलेलं. फायनलची शेवटची ओव्हर, पाहुण्यांना हव्यात पाच धावा, गडी उरलेला एकच.

"एरवी मॅचभर विणत बसतेस," मागून ग्वेंडा म्हणाली. "आज खुर्चीत मुंग्या आहेत का गं?"

सोनं कुठं लागलं, हे या गावात नवऱ्यालाही सांगत नाहीत.

दुसरा. एक धाव.

(गुरुवारी रोलर फिरवण्याआधी कोरल नेहमीसारखी खेळपट्टीवर धातू शोधायचं यंत्र फिरवत होती. बुटांचे तुटके खिळे शोधायला. मधोमधपासून पाच फूट पुढे गेल्यावर यंत्र वाजलं. आवाज खिळ्यासारखा फुटका नाही. गोल, लांब, खोलातून. चाळीस वर्षं रानोमाळ यंत्र फिरवून तिला मसुरीएवढंच सोनं मिळालं होतं. मर्व्ह कुदळ घेऊन धावला, तेव्हा ती त्या जागेवर फतकल मारून बसली होती. "आधी फायनल," ती म्हणाली. "इतकी वर्षं पडून आहे, दोन दिवसांत पळतंय होय?" मग तिनं स्वतः त्यावरून रोलर फिरवला. दोनदा.)

तिसरा. वाइड. म्हणजे तिसरा पुन्हा.

काही नाही.

चौथा. काही नाही. मर्व्हची नात ब्रॉन्टी गोलंदाजी करत होती, पण त्याची नजर तिच्यावर नव्हती. "जरा पुढे टाक, पोरी," तो पुटपुटला. "उकरशील सगळं."

पाचवा. पुन्हा तिथेच. चेंडू उठलाच नाही, खालून सरपटत गेला आणि मधला स्टंप उडाला.

एकतीस वर्षांनी कप. सगळं गाव ब्रॉन्टीकडे धावलं, तिला खांद्यावर घेतलं. तिनं वरून हात पसरले, पण आजोबा तिला ओलांडून सरळ पुढे गेले. त्यांच्याही पुढे कोरल.

खेळपट्टीच्या त्या जागेवर कोरलनं गुडघे टेकले.

आरडाओरडा हळूहळू थांबला. "हिनंच सांभाळली ना खेळपट्टी इतकी वर्षं," ग्वेंडा डोळे पुसत म्हणाली. कॅप्टननं टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

त्या शांततेत कोरलनं पिशवीतली लोकर बाजूला सारली आणि खुरपं बाहेर काढलं.