अर्धं वावर

पोलीस भरतीसाठी जमुना रोज पहाटे तांड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत धावायची. अंग दुखो, पाऊस पडो, तिने एकही दिवस चुकवला नव्हता. एका सकाळी ती परतली, तर बाप अंगणात उलट्या करत होता. कालच त्याने कपाशीवर औषध फवारलं होतं. तरी तोंड पुसून त्याने पंप पाठीला लावला. “अर्धं वावर राह्यलं. अळी खाऊन टाकते.” “दे बा, मी फवारते.” “तुया छातीत जहर गेलं तं धावशील कशी?” “अन् तुया छातीत?” जमुनाने त्याच्या पाठीवरचा पंप काढून कुलपात ठेवला अन् त्याला दवाखान्यात नेलं. आठ दिवसांत अळीने ते वावर खाल्लं. बाप तिच्याशी बोलेनासा झाला. नवव्या पहाटे ती निघाली, तर तो दारात काठी घेऊन उभा. फवारणीच्या विषाने त्याला अजून धूसर दिसत होतं. “रस्त्यानं कुत्रे हायेत,” म्हणाला, “मी येतो.”