ताईचा चौकड्यांचा कोट

“आजपासून मी सर्वस्वाचा त्याग करते आहे,” ताईने जाहीर केलं आणि ती कपाट उघडायला गेली. कपाट उघडेना. दार फुगलं होतं. शेवटी धाकट्या बहिणीने खालून एक लाथ घातली, तेव्हा कुठे त्यागाला वाट मिळाली.

ताई पलंगावर टेकली. एवढ्यानेच तिला धाप लागली होती. आजारपणाने ती निम्मी झाली होती. डोक्याला बांधलेला रुमाल तेवढा पूर्वीच्या मापाचा उरला होता. उपचारांची पुढची फेरी उद्या सुरू व्हायची होती. ताई जाणार नव्हती. सकाळी चहा पिता पिता तिने तसं सांगितलं होतं, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तसं.

“सगळं घेऊन जा. तुझे नाहीतरी जुनं पाहिलं की हात शिवशिवतात.”

ते खरं होतं. लहानपणी आई दर वर्षी ताईचे कपडे धाकटीच्या अंगावर टाकायची. म्हणायची, “ताईला लहान झालंय, तू घाल.” धाकटीने आधी रडून पाहिलं. मग सुई हातात घेतली. झग्याच्या बाह्या उडवल्या, दोन फ्रॉकांचा एक केला. पुढे सवयच जडली. मोठेपणी ती जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरायची, कुण्या वारलेल्या काकांची विजार उसवायची आणि तिचा असा काही स्कर्ट करून घालायची, की बायका रस्त्यात थांबवून दुकानाचा पत्ता विचारायच्या.

तिने कपाटातून चौकड्यांचा कोट काढला. ताईचा लाडका. इतकी वर्षं मागूनही न मिळालेला. आज मिळाला. धाकटीला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन होतं. तिने त्याचं झाकण काढलं.

खांदे उसवून आत घेतले. बगलेत दाबलं, कमरेत दाबलं, बाह्या अरुंद केल्या. उरलेलं कापड कात्रीने कापून टाकलं. मशीन चालू होतं तोवर कुणाला बोलावं लागत नव्हतं.

“मापं नाही घेतलीस?” ताईने मध्येच विचारलं.

“तुझ्या कपड्यांना कसली मापं? डोळे मिटून येतं मला.”

ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा कोट तयार झाला. धाकटीने तो चढवला. एक हात कसाबसा गेला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. बटणं आणि काजं एकमेकांकडे लांबून बघत राहिली.

तिने आरशात पाहिलं. ताईचा कपडा म्हणजे आत घ्यायचा, एवढंच तिच्या हातांना ठाऊक होतं. आता ताईपेक्षा आपणच चांगल्या दीडपट आहोत, हे हातांना कुणी कळवलंच नव्हतं.

“आत कापड ठेवलंयस ना? उसव परत.”

“कापून टाकलं.”

“सगळं?”

“सगळं.”

धाकटी कोटात अडकून उभी राहिली. घालता येईना, काढता येईना. ताई उठली. भिंतीला धरत धरत आली. बाही ओढून तिने बहिणीला सोडवलं, कोट झटकला आणि सहज, बघावं म्हणून, स्वतःचा हात आत घातला. मग दुसरा. बटण लागलं.

ताईने आरशात बघून कॉलर सारखी केली.

“तुला लहान झालाय,” ताई म्हणाली, अगदी आईच्या आवाजात. “बाकी सगळं ने. एवढा राहू दे मला. त्या दवाखान्यात मेली फार थंडी असते.”