सोमल

"उंदीर एकाच औषधाला सरावले, की तुम्ही काय करता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"औषध बदलतो." वीस वर्षं तो घरोघरी जाऊन उंदीर, झुरळं, वाळवी मारत आला होता. गल्लीतली पोरं त्याला उंदीरमामाच म्हणत.

"आपणही तेच करणार आहोत. तुमच्या बायकोच्या रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी आता गोळ्यांना दाद देत नाहीत. कोडग्या झाल्यात. उद्यापासून सोमल, म्हणजे आर्सेनिक, देऊ. शिरेतून, अगदी मोजून."

उंदीरमामाच्या पायाखालची जमीन सरकली. धंदा शिकवताना त्याच्या मामानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाकी कशालाही हात लाव, सोमलाला नको. डॉक्टरबाई समजावत राहिल्या. या पेशी म्हणजे मोठं व्हायलाच तयार नसलेली पोरं. सोमल त्यांना मोठं करतो, आणि मोठी झालेली पेशी आपल्या मरणानं मरते. त्याच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथे, कागद न वाचता, त्यानं सही केली.

बायकोला त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. "ताकदीचं सलाइन आहे," एवढंच म्हणाला.

मग रोज दोन तास तो तिच्याजवळ खुर्ची ओढून बसायचा. नळीतून थेंब उतरत राहायचे आणि त्याच्या तोंडाची टकळी चालू असायची. एका घरात म्हणे उंदरांनी घटस्फोटाचेच कागद कुरतडले, नवरा-बायको झक मारत पुन्हा नांदायला लागले! ती खोकला येईपर्यंत हसायची. सलाइन संपलं की तो बाथरूममध्ये जायचा आणि नळ मोठा सोडून रडायचा.

नवव्या दिवशी तिला ताप चढला. धाप लागली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या सोडून चौपट झाल्या.

"होतं असं कधीकधी. त्या पेशी मोठ्या होताहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्रास उतरवायचं औषध दिलंय. सोमल मात्र चालू ठेवायचा."

पाच आठवड्यांनी केलेल्या तपासणीत त्या पेशींचा मागमूसही उरला नव्हता. पण नवव्या दिवशीच्या त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं? त्याला फक्त तिची धाप ऐकू येत होती. आपल्याच हातानं आपण हिला मारतोय, एवढंच त्याला कळत होतं. तो ताडकन उठला आणि सलाइन बंद करायला त्यानं नळीला हात घातला.

तिनं त्याचं मनगट धरलं. "राहू दे."

"अगं, विष आहे ते! सोमल! मी सही केलीय, तुला न सांगता..."

"ठाऊक आहे मला." दम पुरत नव्हता, म्हणून ती थांबत थांबत बोलत होती. "पेशंटची सही आधी लागते हो. तुमच्या वरची सही माझी आहे."

त्यानं नळीवरचा हात काढला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही मला हसवायचं सोडलं असतं."