कप्तानाचे फ्री थ्रो

पंचानं चेंडू कप्तान हणमंतच्या हातात दिला. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची अंतिम लढत होती, संघ एका गुणानं मागं होता आणि वेळ संपली होती. आता फक्त त्याचे दोन फ्री थ्रो उरले होते.

जिंकलं तर संघ राज्यस्पर्धेला जाणार होता. नेमक्या त्या स्पर्धेच्या दिवशीच हणमंतची वनरक्षक भरतीची धावण्याची चाचणी होती. लेखी परीक्षा पास झाल्याचे पेढे आईनं गावभर वाटले होते. सकाळी त्यानं प्रशिक्षक घोरपडे सरांना सांगून पाहिलं होतं.

"भरती पुन्हा निघंल," सर म्हणाले होते. "कॉलेजनं तुला फुकट ठेवलं, जेवू घातलं. आता कप्तानच गेला तर पोरांनी कुणाकडं बघायचं?"

चुकवले की सुटलो, असं मनाशी म्हणत त्यानं पहिला चेंडू टाकला. पण हाताला चुकायची सवयच नव्हती. बरोबरी झाली.

दुसऱ्या वेळी त्यानं कडेला उभ्या इम्तियाजकडं पाहिलं. सुजलेल्या घोट्याला पट्टी बांधून तो अख्खा सामना खेळला होता. आता डोळे मिटून नुसते ओठ हलवत होता. हणमंतनं नीट नेम धरला आणि चेंडू जाळीत टाकला.

पोरांनी त्याला खांद्यावर उचललं. ताशा वाजू लागला.

"सर, मला चाचणीला जाऊ द्या!" तो वरून ओरडला.

सरांनी ऐकू येत नसल्याची खूण केली आणि हसत त्याच्याकडं हार फेकला.

"खाली उतरवा रे मला," तो म्हणाला. पोरांनी त्याला आणखी उंच उचललं.