आधी कोणाला विचारायचं

मित्रमैत्रिणींना भेटीगाठी ठरवायला सोपं जावं म्हणून हितेश आणि कल्पिता डोंबिवलीत एक ॲप बनवत होते. ज्या दिवसाला जास्त मतं, तो दिवस पक्का, असं हितेशने ठरवलेलं. आधी त्यांनी ते आपल्याच शाळेच्या ग्रुपमध्ये वापरून पाहिलं. दर वेळी रविवारच ठरायचा आणि कल्याणला नर्स असलेली शालू ड्युटीमुळे राहून जायची. “बाकीचे भेटतायत ना, झालं मग!” हितेश म्हणाला. “अरे, पण नेहमी तीच का हरणार?” म्हणत कल्पिताने मतांचं बटणच काढून टाकलं. मागच्या भेटीला जो आला नाही, त्यालाच आता ॲप आधी दिवस विचारणार होतं. शालूने बिचकत बुधवारची दुपार सांगितली. सगळ्यांनी हाफडे टाकला. युनिफॉर्मवरच धावत आलेल्या तिने विचारलं, “हे डोकं कोणाचं?” हितेशने कल्पिताकडे बोट दाखवलं. “हिचं. मी नुसता कोड टाइप केला.”