आठ नंबरच्या खोलीवरचा पहारा

हवालदार नत्थूजींनी संत्रं सोललं, एकेक फोड दाबून पाहिली आणि पिशवी म्हाताऱ्याला परत दिली.

“फळं घेऊन जा. पेशंटले भेटता येत नाही.”

“मी त्याचा सख्खा मामा होय गा.”

“असाल जी. पण आज कोणालेच सोडून नाही राहिलो.”

म्हातारा कुरकुरत जिना उतरला. नत्थूजी पुन्हा दाराशी स्टुलावर बसले.

आत मनोहरराव पडला होता. उमरेडकडचा ट्रक ड्रायव्हर. कोळसा चोरणाऱ्या टोळीने एका चौकीदाराला जिवे मारलं, ते त्याने पहाटे गाडीच्या दिव्यात पाहिलं होतं. चारच दिवसांत त्याचा ट्रक पेटवून दिला गेला. तो वाचला, पण डोक्यापासून हातापर्यंत पट्ट्याच पट्ट्या. उघडे होते ते फक्त डोळे. बोलता येत नव्हतं, कण्हणं मात्र थांबत नव्हतं. संध्याकाळी मॅजिस्ट्रेट येणार होते. फोटो दाखवले की तो मान हलवून मारेकरी ओळखणार होता.

त्या पहाटे ट्रकमध्ये त्याची बायको गोपिकाही होती. तिनेही सगळं पाहिलं होतं. पोलिसांनी तिला कुठे लपवलंय, हे नत्थूजींनाही ठाऊक नव्हतं.

“हट्टाले पेटली आहे ती,” फौजदार गोपाळराव सकाळी म्हणाले होते. “आधी नवऱ्याले पाहीन, मंगच बयान देईन म्हणते. दुपारी आणतो. तोवर चिटपाखरू आत जाऊ देऊ नका. हे लोक कोणाचं सोंग घेऊन येतील, सांगता येत नाही.”

तेव्हापासून नत्थूजींनी कोणावर विश्वास ठेवला नव्हता. झाडूवालीच्या बादलीत हात घालून पाहिला. रोजच्या ओळखीच्या प्रेमिला सिस्टरला औषधाच्या बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं.

“तुम्ही त मलेही चोर समजून राहिले, हवालदार.”

“आज मी कोणालेच ओळखत नाही, सिस्टर.”

दुपारी पट्ट्या बदलायला मनोहररावला खाली न्यायचं होतं. स्ट्रेचर ढकलायला जुना वॉर्डबॉय कवडू होता. नत्थूजी स्ट्रेचरच्या दांडीवर हात ठेवून बरोबर चालत गेले. ड्रेसिंगच्या खोलीत पडदे लावलेले होते आणि पडद्यांआड आणखी काही पेशंट होते. जळालेल्या माणसाजवळ बाहेरच्याने थांबायचं नाही, म्हणून त्यांना दाराबाहेर काढलं. ते दाराला पाठ टेकवून उभे राहिले.

थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर आला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांवर चष्मा. दारापाशी येऊन तो थांबला.

“आत जाऊ का, हवालदार?”

नत्थूजी बाजूला सरकले आणि अर्ध्यातच थबकले. इतक्या दिवसांत एकाही डॉक्टरने त्यांना असं विचारलं नव्हतं. डॉक्टर लोक त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत.

“कोणत्या वॉर्डाचे तुम्ही?”

तो माणूस वळला आणि पळत सुटला.

“पकडा! पकडा त्याले!”

नत्थूजी पोट सावरत धावले. औषधं घ्यायला रांगेत उभी असलेली माणसं भिंतीला चिकटली. फाटकाजवळ तो बाकाला अडखळून पडला, तसे नत्थूजी त्याच्या पाठीवरच बसले. कोटाच्या खिशात वस्तरा निघाला. फाटकावरच्या शिपायांनी त्याला बांधून जीपमध्ये टाकलं. गर्दीतून कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नत्थूजी धापा टाकत परतले, तेव्हा कवडू स्ट्रेचर बाहेर काढतच होता.

“झालं का गा?”

“हो, पडद्यातून आवाज देला, घेऊन जा म्हणून. चला.”

पट्ट्या नव्या, पांढऱ्याशुभ्र होत्या. नत्थूजींनी वाकून त्या दोन डोळ्यांत पाहिलं.

“वाचलास बाप्पा तू आज.”

डोळे सावकाश मिटले आणि उघडले. कण्हणं थांबलं होतं. सुई दिली असेल, बरं झालं, नत्थूजींना वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आराम पडला होता.

थोड्याच वेळात गोपाळराव गोपिकाला घेऊन आले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी नत्थूजींच्या पाठीवर थाप मारली.

“शाबास! मोठं काम केलं तुम्ही. मी त्या बदमाशाची खबर घेतो. तुम्ही हिले आत सोडा.”

गोपिका डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी होती. नत्थूजींनी तिचीही पिशवी उघडली. धुतलेला सदरा होता आणि चिंधीत बांधलेला अंगारा.

“राग मानू नको वं माय. नाइलाज आहे.”

“मले ओळखतीन का ते?” तिने विचारलं. आग लागल्यापासून तिने त्याला पाहिलं नव्हतं.

“काहून नाही? डोळे चांगले हायेत त्याचे.”

तिचा पाय उंबऱ्याशी अडला.

“तुमी या ना संगं. मले भेव लागून राहिलं.”

“नवरा-बायकोत माझं काय काम? जा तू, मनभर बोल. मी भायेरून कडी लावतो. मंग कोणी येत नाही आत.”

ती गेली. नत्थूजींनी दार ओढलं, कडी घातली आणि भिंतीला पाठ टेकून तंबाखू मळायला घेतली. सकाळपासून आवळून धरलेलं अंग आता कुठे सैल झालं.

आतून गोपिकाचा हळू आवाज येत होता. पोरगी तुमची वाट पाहते, म्हणत होती. आता कायले भ्यायचं, म्हणत होती. मग आवाज थांबला. रडत असेल बिचारी.

जिन्यावरून प्रेमिला सिस्टर तणतणत वर आली.

“हवालदार, इथं काय बसून राहिले तुम्ही? मनोहररावची पट्टी होऊन किती वेळ झाला, खालीच पडून आहे तो. त्याले न्यायले काहून कोणी येऊन नाही राहिलं?”