वरचे एक हजार

टीव्हीवरच्या त्या खेळात शेवटचे दोनच डबे उरले. एकात दहा युरो, दुसऱ्यात एक लाख. त्यातला एक नुन्झियाच्या मांडीवर होता, आणि त्यात काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. आता फोन येणार, आणि त्या बंद डब्याच्या बदल्यात तिला काही रोख रक्कम देऊ केली जाणार. ती घ्यायची, नाहीतर डब्यात निघेल ते.

स्टुडिओमागच्या काचेच्या खोलीत रुज्जेरोने आकडा मांडला. फोनवरून बोली लावायची हीच त्याची नोकरी; प्रेक्षकांना त्याचा फक्त आवाज माहीत. माणूस देशाच्या उत्तरेचा, कूनेओचा, आणि हिशेबाबाहेर पाऊल न टाकणारा. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो उरलेल्या डब्यांच्या सरासरीचा जेमतेम तिसरा हिस्सा देऊ करायचा, कारण तेव्हाच कुणी पैसे घेऊन घरी गेलं तर उरलेला तासभर दाखवायचं काय? शेवटच्या बोलीला मात्र शंभराला ब्याण्णव. आज सरासरी पन्नास हजार पाच. म्हणजे सेहेचाळीस हजार.

पण आज त्या दगडाला पाझर फुटला. नेपल्सजवळच्या पोर्तिचीची ही विधवा ज्या दोन खोल्यांत चौतीस वर्षं भाड्याने राहिली, त्या खोल्या मालकाने विकायला काढल्या होत्या. पंचेचाळीस हजार द्या, नाहीतर महिनाअखेर खाली करा. हे तिने पहिल्याच फेरीत सांगितलं होतं, रडगाणं न गाता, भाजीचा भाव सांगावा तसं. रुज्जेरोने सेहेचाळीस खोडले आणि सत्तेचाळीस लिहिले. बाईचा खरेदीखताचा, नोटरीचा खर्च निघेल, एवढाच त्याचा विचार.

स्टेजवर सूत्रसंचालक फाबियोने फोन उचलला, ऐकला आणि वळला. "सिन्योरा, सत्तेचाळीस हजार देताहेत."

रुज्जेरो खुर्चीत मागे रेलला. इतका सरळ सौदा त्याने आजवर कुणापुढे ठेवला नव्हता.

नुन्झियाने तर्जनी आणि करंगळी ताठ करून जमिनीकडे रोखली. अपशकुन उतरवायला तिकडे असंच करतात.

"नको," ती म्हणाली. "फोनवरून मढं पाठवताय होय हो माझ्याकडे?"

अर्धे प्रेक्षक हसले. उरलेल्या अर्ध्यांनी गुपचूप आपलीही बोटं खाली केली.

"वेडी आहे का ही?" काचेआड रुज्जेरो उठूनच उभा राहिला. "घर मिळतंय, वर दोन हजार उरताहेत!"

शेजारी आवाजाची बटणं सांभाळणारा कार्मिने नेपल्सचा. त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, सत्तेचाळीस म्हणजे मढं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एकपासून नव्वदपर्यंत प्रत्येक आकड्याला अर्थ असतो, लोक लॉटरी लावतात ती त्यावरच. तिचा नवरा जाऊन अजून वर्ष नाही झालं, आणि तुम्ही..."

"मी आधी सेहेचाळीसच काढले होते."

"सेहेचाळीस म्हणजे पैसा!" कार्मिने कळवळून म्हणाला. "हिशेबाने बरोबर आणून ठेवलं होतं, साहेब. तुम्हाला दया करायला सांगितली कुणी?"

रुज्जेरोचे कान लाल झाले. एकदा दिलेली बोली खाली आणता येत नाही, असा नियम. वर जायची मुभाही हिशेबापेक्षा दोन हजारच. त्यातला एक हजार त्याने स्वतःच वाया घालवला होता. ती डब्यावरच अडून राहिली आणि त्यात दहा युरो निघाले, तर बाई रस्त्यावर येणार होती, तेही त्याच्या चांगुलपणामुळे.

"अठ्ठेचाळीसला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

कार्मिनेने जरा आढेवेढे घेतले. "बोलणारं मढं."

"मग ते चांगलं की वाईट?"

"ते मढं काय बोलतं त्यावर आहे, साहेब."

दुसरा इलाज नव्हता. रुज्जेरोने पुन्हा फोन लावला.

"अठ्ठेचाळीस हजार," फाबियो म्हणाला. "याच्यापुढे नाही, सिन्योरा."

नुन्झियाने डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली, आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की करतो तशी. अर्धं मिनिट गेलं. टीव्हीवर अर्धं मिनिट म्हणजे फार झालं, पण तिला कुणी टोकलं नाही. काचेच्या खोलीत रुज्जेरोही कान देऊन बसला होता, आणि याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

तिने डोळे उघडले.

"बोलला माझा अनिएल्लो."

"काय म्हणाले?" फाबियोने हळूच विचारलं.

"म्हणाला, घेऊ नकोस. थांब जरा, याहून चांगलं मिळेल." तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "मालकाने घर पहिल्यांदा विकायला काढलं, तेव्हाही हेच म्हणाला होता. दुसऱ्यांदा काढलं, तेव्हाही हेच. फार जीव होता हो माझा त्याच्यावर. चौतीस वर्षं त्याचं ऐकलं, आणि चौतीस वर्षं भाडं भरलं." तिने हात पुढे केला. "आणा इकडे तुमचे अठ्ठेचाळीस. घेतले मी."

टाळ्या कडकडल्या. कार्मिने खुर्चीवरून उडालाच. रुज्जेरोला मनापासून बरं वाटलं.

टाळ्या थांबल्यावर फाबियो रिवाजाप्रमाणे डबा उघडायला वाकला. बाईने कमावलं की गमावलं, ते आता साऱ्या देशाला दिसायचं होतं. नुन्झियाने दोन्ही हात झाकणावर घट्ट धरले.

"राहू दे, बाळा. लाख निघाले तर तो पुन्हा बोलायला लागेल."